अप्पांची गुब्बी आणि साडूंचे गुडघे

आमच्या थोरल्या साडूंइतक्या कमी जागेत बसणारा माणूस मी जगात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकी जास्त जागा लागणाराही पाहिला नाही. या दोन गोष्टी एकाच देहात का घातल्या, हे घालणाऱ्यालाच ठाऊक. साडू सहा फुटांच्या वर नेमके किती आहेत ते कुणी मोजलेलं नाही, कारण मोजायला उभं करावं तर ते लगेच वाकतात. कमरेपासून वर ते तुमच्याआमच्यासारखेच आहेत. सगळी उधळपट्टी खाली, पायांत झाली आहे. मी मुलगी पाहायला त्या घरी गेलो तेव्हा आतल्या दारात मला डोकं नसलेला एक माणूस दिसला. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात पोह्यांचा ट्रे, आणि गळ्याच्या वर थेट चौकट. माझी प्रकृती मुळात धक्के सोसणारी नाही. मी "अगं आई!" म्हणत उठलो, तेवढ्यात चौकटीखालून एक हसरं तोंड बाहेर आलं आणि म्हणालं, "बसा की. मी थोरला जावई. पोहे घ्या." तेव्हापासून साडू मला धक्के देत आले आहेत आणि वर "बसा की" म्हणत आले आहेत.

एवढे पाय असलेल्या माणसानं खरं तर जगाला थोडं बाजूला सारायला हवं. पण "जरा सरकता का" हे तीन शब्द साडूंच्या तोंडून आजवर निघालेले नाहीत. एसटीत ते खिडकीशी अशी घडी घालून बसतात की बाकावर दोघांऐवजी तिघे मावतात, आणि तिसरा आपली पिशवी यांच्या मांडीवर ठेवतो. एकदा अक्कलकोटहून येताना एका म्हाताऱ्यानं त्यांच्या गुडघ्याला बाकाचा दांडा समजून धरून ठेवलं. साडूंनी तो तसाच सोलापूरपर्यंत धरू दिला आणि स्टँडवर उतरताना वर त्यालाच म्हणाले, "संबाळून उतरा, आता धरायला काय न्हाय." जुळे सोलापुरात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तिथं ते पहिल्यांदा मुक्कामाला आले, तेव्हा पहाटे पाणी भरायला उठलेली बायको किंचाळली. मी धावलो. साडू आतल्या खोलीत झोपले होते, पण त्यांचे पाय बाल्कनीत होते आणि थंडी वाजू नये म्हणून दोन्ही पावलांना टॉवेल गुंडाळले होते. अंधारात तिला वाटलं की बाल्कनीत कुणीतरी जुळी बाळं आणून ठेवली आहेत. साडू दिवसभर खजील होते. संध्याकाळी मला म्हणाले, "फुडल्या वेळी मी गुडघे हुबं करून झोपतो की."

टॉवेल हे त्यांच्याजवळ नेहमीच असतात, कारण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलाचे माग आहेत. कुठलीही गोष्ट ते टॉवेलात मोजतात. आमचा फ्लॅट पाहून "छान हाय, चाळीसेक टॉवेल वाळतील" असं म्हणाले होते. माझ्या थोरल्या मुलाची उंची त्यांच्या हिशेबात एक टॉवेल आणि एक नॅपकिन एवढी आहे.

आता अप्पांविषयी सांगायला हवं, कारण साडूंच्या सगळ्या वाकण्याचं मूळ तिथं आहे. अप्पा म्हणजे आमचे सासरे. साडू त्यांच्या सख्ख्या बहिणीचे चिरंजीव, म्हणजे आधी भाचे आणि मग जावई. म्हणून अप्पा त्यांना अरे-तुरे करत आणि मला मात्र "जावईबापू" म्हणत. अप्पांचा आवाज असा की त्यांनी अंगणातून हाक मारली तर गल्लीतल्या तीन घरांतून "ओ" येई. फेटा बांधल्यावर ते पाच फूट भरत. फेटा काढल्यावर किती भरत हे फक्त सासूबाईंना माहीत होतं आणि ते गुपित बरोबर घेऊनच त्या गेल्या. घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय खालून कापलेले, आरसा माझ्या छातीच्या उंचीवर टांगलेला, खुंट्या बालवाडीत शोभतील इतक्या खाली. पण याचं कारण कुणी बोलायचं नाही, असा त्या घरचा न लिहिलेला कायदा होता. लग्नानंतर नव्यानंच मी सहज विचारलं, "या खुर्च्या इतक्या बुटक्या का हो?" तो शब्द तोंडातून बाहेर पडताच बायकोनं मला असा चिमटा काढला की तो भाग आठवडाभर निळा होता. तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, अक्का, ठसका लागल्यासारखी खोकली. आणि साडू घाईघाईनं म्हणाले, "जमिनीजवळ बसलेलं बरं असतंय की. पडलं तर लागत न्हाय."

साडू अप्पांसमोर कधी सरळ उभेच राहिले नाहीत. अप्पा खुर्चीत, तर साडू जमिनीवर. अप्पा ओट्यावर उभे, तर साडू अंगणात, तेही जरा खड्डा बघून. माझ्या लग्नाच्या फोटोत अप्पा माझ्या खांद्याला खांदा लावून ताठ उभे आहेत. त्यांच्या पायाखाली सतरंजी आहे आणि सतरंजीखाली पाट आहे. तो पाट कुणी कधी सरकवला ते मला कळलंही नव्हतं. फोटोत साडू करवल्यांच्या ओळीत मांडी घालून निरागस चेहऱ्यानं बसलेले दिसतात, त्यावरून काय ते समजावं.

या अप्पांची एक गाडी होती. तिचं नाव गुब्बी. गुब्बी म्हणजे कानडीत चिमणी. ती साहेबाच्या काळातली, दोन दारांची, गोलमटोल विलायती गाडी होती आणि लांबून बघितली तर कुणीतरी रस्त्यावर मोठा डबा उपडा घातल्यासारखी दिसे. अप्पांनी जन्मभर चादरी आणि टॉवेल विकले, ते गुब्बीच्या मागच्या सीटवर गठ्ठे रचून, गावोगावचे आठवडे बाजार करत. त्यातही मंद्रूपचा बाजार म्हणजे त्यांचा जीव. गाडीच्या दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा होता. तो मंद्रूपच्या वेशीत वाजला की बायका भाजी घ्यायची सोडून चादरी बघायला येत, असं अक्का सांगे. गुब्बी घेतली तेव्हाच अप्पांनी आपल्या सोयीनं तिच्यात दोन गोष्टी करून घेतल्या होत्या. चालवणाऱ्याची सीट अगदी पुढं आणून तिथंच बोल्टनं आवळली होती, आणि क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर या तिन्हींवर जाड सागवानी ठोकळे बसवले होते. या ठोकळ्यांविषयीही घरात बोलायचं नाही, हे आता वेगळं सांगायला नको. शेजारच्या एका चौकस माणसानं एकदा विचारलंच, तर अक्का म्हणाली, "जुन्या गाड्यांना असतंयच की ते!"

मग काचबिंदूनं अप्पांचे डोळे गेले. म्हणजे उजेड-अंधार कळे, समोर माणूस आहे एवढं कळे, पण गाडी सुटली आणि गाडीबरोबर मंद्रूपही सुटलं. दिवसभर ते गुब्बीच्या बोनेटवर हात ठेवून अंगणात बसू लागले. भाकरी अर्ध्यावर आली. सगळ्यात वाईट म्हणजे आवाज गेला. ज्यांच्या हाकेला तीन घरं ओ देत, ते पाणी हवं तर भांडं वाजवू लागले. डॉक्टरांनी हृदयही थकलंय असं सांगितलं. एके दिवशी ते एवढंच म्हणाले, "एकडाव मंद्रूपचा बाजार ऐकून यायचाय. दिसला न्हाय तरी चालंल." आम्ही लगेच भाड्याची मोठी, गारेगार गाडी बोलावली. अप्पा तिच्यात बसले आणि लगेच उतरले. म्हणाले, "हितं बसल्यागत वाटत न्हाय, ठिवल्यागत वाटतंय. गुब्बी काढा." पण गुब्बीच्या सीटवर परका ड्रायव्हर चालणार नव्हता. मला स्कूटरच्या पलीकडे काही येत नाही. अक्का म्हणाली, मी शिकते, तर अप्पा म्हणाले, "तू शिकंपत्तूर मी असतोय व्हय?" घरात चार चाकं चालवणारे एकटे साडू, कारखान्याचा टेम्पो हाकणारे. अप्पांनी त्यांना जवळ बोलावलं आणि अट घातली: गुब्बीला करवत लावायची नाही, पत्रा कापायचा नाही, भोक पाडायचं नाही. साडू जमिनीवर बसून म्हणाले, "बरं अप्पा."

त्या दिवशी साडू पहिल्यांदा गुब्बीत चालवायला बसले. बसले म्हणजे काय, त्यांनी स्वतःला हप्त्याहप्त्यानं आत नेलं. आधी डोकं, मग एक पाय, मग पुन्हा डोकं बाहेर, मग दुसरा पाय. शेवटी पाहिलं तर दोन्ही गुडघे कानांच्या दोन बाजूंना, स्टिअरिंग त्या दोहोंत अडकलेलं, आणि तोंड मधल्या फटीतून माझ्याकडे बघत होतं. मी अंगणातल्या तुळशीला धरून उभा राहिलो. साडूंनी एका टॉवेलाची घडी सीट आणि ठोकळ्यांच्या मध्ये धरून मापं घेतली आणि म्हणाले, "लई न्हाय. दोन घड्यांची जागा कमी पडतीय."

मी शहाणपणा केला. अप्पा आत झोपलेत हे पाहून हळूच म्हणालो, "अहो, ते ठोकळे काढले आणि सीटचा बोल्ट सैल केला, तर एका मिनिटात..." साडूंनी फटीतून हात काढून माझं तोंडच दाबलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय बोलताय? ठोकळे काढले म्हंजे ठोकळे हुते असं म्हनल्यागत हुतंय की! आणि ते का हुते, ते बी सांगितल्यागत हुतंय. अप्पांच्या तोंडावर?" मी म्हणालो, "मग गाडीला हात लावायचा नाही, तर जागा करणार कशी?" साडू म्हणाले, "गाडीला कशाला? मी हाय की. मला लावू हात."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी ते मला "जरा चला की" म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मला वाटलं, कंबर धरली असेल. आत जाऊन साडू टेबलासमोर वाकून उभे राहिले आणि अगदी मऊ आवाजात विचारते झाले, "डॉक्टर, पाय जरा आखूड करून मिळतेत का?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी उभा होतो तो खाली बसलो, आणि तिथं खुर्ची नव्हती. "उंची वाढवून मागणारे रोज येतात," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय होतंय?" साडू म्हणाले, "मला काय हुत न्हाय. फकस्त गुब्बीत बसत न्हाय. लई नको, दोन घड्या कमी झालं तरी बास." डॉक्टरांनी मला उठवून बाहेर नेलं आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरात हल्ली काही घडलंय का?" मी त्यांना गाडी, सासरे, ठोकळे सगळं सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यावरच त्यांनी माझीही नाडी धरली.

डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर साडूंनी घरगुती उपाय सुरू केले. पँटच्या कापडाला जाडी असते म्हणून पँट सोडून धोतर आलं. चपलेचा तळ जागा खातो म्हणून अनवाणी. सीटवरची गादी काढली आणि पत्र्यावर एक चादर घडी करून अंथरली. त्यानं बूड खाली गेलं आणि गुडघे आणखी वर आले, म्हणजे आता रस्ता दोन गुडघ्यांच्या खिंडीतून बघायचा. बोगदा संपतो तसा मध्येच थोडा उजेड दिसे. मग त्यांची दृष्टी स्टिअरिंगवर गेली. एका सकाळी मी गेलो, तर गुब्बीचं मूळ स्टिअरिंग ओसरीत खुंटीवर टांगलेलं आणि त्याच्या जागी मोडीत काढलेल्या मागाचं एक लहानसं लोखंडी चाक बसवलेलं. मी म्हणालो, "हे काय?" साडू अभिमानानं म्हणाले, "कापलं न्हाय, भोक पाडलं न्हाय. नुसतं बदललं. गुडघ्याला लई हवा लागती आता. चला, चक्कर मारू."

त्या चक्करीत मी का बसलो हे मला आजही सांगता येत नाही. एवढंसं चाक फिरवायला जोर किती लागतो, हा विचार साडूंनी केला नव्हता. सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. पण जुळे सोलापूरच्या पुढं रस्ता डावीकडे वळला आणि गुब्बी वळली नाही. साडू दोन्ही हातांनी चाकाला लोंबकळले होते, मी माझे दोन हात घातले, आणि आम्ही चार हातांनी सरळ समोरच्या मंगल कार्यालयाच्या फाटकातून आत गेलो. तिथं नवरदेवाच्या गाडीची वाट बघत बँडवाले, वरमाई, फेटेवाले सगळे उभे होते. साडूंनी ब्रेक दाबायला पाय शोधला, तो सापडेना, कारण तो त्यांच्याच दुसऱ्या पायाखाली होता. गाडी मांडवाच्या खांबाला टेकून आपोआप बंद पडली. मी मार खायच्या तयारीनं डोळे मिटले. उघडले तर गुब्बीच्या बोनेटवर झेंडूचा हार पडत होता. "आली, आली! जुनी गाडी आली!" म्हणून पोरं मोबाइल काढून नाचत होती. नवरदेवासाठी मागवलेली सजवलेली जुनी गाडी उशिरा का होईना पोचली, असा त्यांचा समज झाला. मी "अहो, आम्ही ते नव्हे" म्हणायला तोंड उघडलं, पण नवरदेव मागच्या सीटवर येऊन बसलाही होता, करवली त्याच्या शेजारी, आणि साडू गुडघ्यांच्या फटीतून म्हणत होते, "बसा की. जागा हाय." सरका म्हणायचं ज्याला जमत नाही, त्याला उतरा म्हणायचं कुठून जमणार? आम्ही ती वरात मारुतीच्या देवळापर्यंत नेली आणि परत आणली. वळणावर चार वऱ्हाडी मागून गाडी उचलून फिरवत. जेवणाच्या पंगतीत वरबापानं साडूंना आग्रहानं जिलेबी वाढली आणि माझ्याकडे बघून साडूंनाच विचारलं, "ह्यांना काय झालंय? बोलत का न्हाईत?"

मूळ स्टिअरिंग पुन्हा गुब्बीत गेलं. आता साडूंकडे उपाय उरला नव्हता आणि अप्पांकडे वेळ. एका संध्याकाळी अप्पांनी ताटावर हात फिरवून ते तसंच सारलं आणि साडूंना विचारलं, "जमंना व्हय रे? न्हाय जमत तर ऱ्हाऊ दे. मी काय मनाला लावून घेत न्हाय." साडू खालमानेनं म्हणाले, "जमलंय अप्पा. ह्याच बाजारी जाऊ."

बाजारच्या दिवशी अप्पांनी पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट आणि फेटा घातला. साडू त्यांच्या आधीच गाडीत जाऊन स्वतःची घडी करून बसले होते, उजवा गुडघा दाराच्या खिडकीतून बाहेर काढून; वाऱ्यानं धोतर उडू नये म्हणून त्यावर टॉवेल बांधला होता. मी अप्पांना डाव्या सीटवर बसवलं आणि मागं टॉवेलांच्या एका गठ्ठ्याशेजारी बसलो. गठ्ठा अप्पांनीच घ्यायला लावला होता. बाजाराला रिकामं जायचं नसतं म्हणे. विजापूर रोडला लागलो. साडू चालवत होते ते पाहायची माझी छाती नव्हती, म्हणून मी कान देऊन बसलो. आणि तेव्हा तो आवाज ऐकू आला. प्रत्येक वेळी गिअर बदलताना, प्रत्येक वेळी चाक फिरवताना साडूंचा डावा गुडघा स्टिअरिंगवर आपटत होता. ठक. थोड्या वेळानं पुन्हा, ठक. अप्पा मान कलती करून ऐकत होते.

"कसला आवाज रे?" अप्पांनी विचारलं.

"इंजिनचा अप्पा," साडू म्हणाले.

"इंजिन फुडं असतंय," अप्पा म्हणाले. "ह्यो तुज्याकडनं येतोय. गाडी बाजूला घे."

साडूंनी एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली. अप्पांनी उजवा हात लांब केला. तो आधी साडूंच्या गुडघ्याला लागला, आणि गुडघा जिथं नसायला हवा तिथं लागल्यामुळे क्षणभर थबकला. मग तो हात हळूहळू पायावरून खाली गेला, आणि त्याच्यामागं अप्पाही वाकत गेले, पावलापर्यंत, पावलाखालच्या लाकडापर्यंत. तिथं बोटं थांबली. ज्या गोष्टीचं नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं, तिच्यावर त्यांनी स्वतःच हात ठेवला होता.

"ठोकळे अजून हाईत?"

"हाईत," साडू म्हणाले.

"का काढलं न्हाईस?"

साडूंनी ठोकळ्यावरचा पाय हळूच बाजूला घेतला. अप्पा तसेच वाकलेले असताना एकाएकी हसायला लागले. तो जुना, तीन घरं ओ देतील असा आवाज होता. मी दचकून डोकं टपाला आपटून घेतलं. "अरे येड्या, माजं पाय पोचत न्हवतं म्हणून बसवलं हुतं ते! साऱ्या बाजाराला ठावं हाय. घरातच तुमाला ठावं न्हवतं व्हय?" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "बुटका हाय मी. चोरी न्हाय केली काय. कितींदा वाटायचं, कुणीतरी एकडाव चेष्टा करंल, मी बी हसंन. पण तुमी सगळी अशी गप बसायचा, मग मला बी वाटाय लागलं, लई वंगाळ दिसत असंल बघ."

आम्ही दोघे जावई कडुलिंबाकडे बघत राहिलो. एवढी वर्षं आम्ही ज्याला मान समजत होतो, तो त्या माणसाला किती एकटं पाडत होता, हे आमच्या कुणाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"पाना दे," अप्पा म्हणाले. साडू उतरून दार धरून उभे राहिले, आणि अप्पांनी रस्त्याच्या कडेला बसून, चाचपत, आपल्या हातांनी एकेक ठोकळा सोडवला. सीटचा बोल्ट साडूंनी काढला. सीट मागं सरकली तेव्हा ती इतकी किंचाळली की झाडावरचे पक्षी उडाले. मग साडू आत बसले. त्यांनी डावा पाय पुढं नेला, थांबले, आणखी थोडा नेला. पाय जातच राहिला. त्यांच्या तोंडून जो उसासा निघाला तो मी विसरणार नाही. जन्मभर कुणाच्या घरात, गाडीत, दारात पाय न पसरलेल्या माणसाचा तो उसासा होता. ते म्हणाले, "अप्पा, लई जागा हाय की हो हितं." आणि मग लगेच, सवयीनं, त्यांचं लक्ष शेजारी गेलं. पुन्हा डाव्या सीटवर येऊन बसलेल्या अप्पांचे पाय तळाला न टेकता लोंबत होते. कुठल्याही गाडीत ते असेच लोंबत असणार. आम्ही कुणी कधी तिकडं पाहिलंच नव्हतं. साडू पुन्हा उतरले, डावी सीट पुढं सरकवली आणि ते तिन्ही ठोकळे ओळीनं मांडून अप्पांची पावलं त्यांच्यावर ठेवली.

"आता बरं हाय," अप्पा म्हणाले. "आता बसल्यागत वाटतंय."

मंद्रूपच्या वेशीत अप्पांनी स्वतः भोंगा वाजवला. आम्ही बाजारात शिरलो तसा कुणीतरी म्हातारा टोमॅटोच्या ढिगामागून ओरडला, "आरं, गिड्डाप्पा आला रं! गिड्डाप्पा आला!" गिड्डा म्हणजे बुटका. मी गारठलो. साडूंनी ब्रेकवर पाय दिला. पण ते नाव एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पसरत गेलं, बायका, म्हातारे, चहावाला, सगळे "गिड्डाप्पा, गिड्डाप्पा" करत गुब्बीभोवती जमले, आणि आमचे सासरे फेटा सावरत खिडकीतून हात बाहेर काढून म्हणत होते, "व्हय, व्हय, आलो की! कुटं मेलोय? टॉवेल आणल्यात, बगा!" घरी येताना त्यांनी वाटेत थांबून दोन भाकरी खाल्ल्या, शेंगाचटणी दोनदा मागून घेतली, आणि साडूंच्या पायांवर चेष्टा करत राहिले. साडू हसत होते आणि मीही हसत होतो.

त्यानंतर प्रत्येक बाजारी साडू त्यांना मंद्रूपला नेत होते. गेल्या वर्षी अप्पा गेले. झोपेत गेले, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.

परवा साडूंचा फोन आला. "मंद्रूपला चलता का? गुब्बीला जरा हलवायला पायजे." मी गेलो. मागची सीट टॉवेलांनी भरलेली होती, म्हणून पुढं, अप्पांच्या डाव्या सीटवर बसलो. बसल्याबरोबर माझे गुडघे समोरच्या पत्र्याला लागले. सीट होती तिथंच होती, अगदी पुढं, आणि खाली ते तिन्ही ठोकळे ओळीनं मांडलेले होते. एक हलका धक्का दिला असता तर सीट मागं गेली असती. मी हातही नेला. तेवढ्यात साडूंनी विचारलं, "बसलाय न्हवं नीट?" ते माझ्याकडे बघत नव्हते. पाय ऐसपैस पसरून, ताठ बसून ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते, आणि इतके ताठ बसलेले ते मला मुळीच बरे वाटेनात. मी हात मागं घेतला. चपला काढल्या, पावलं ठोकळ्यांवर ठेवली, गुडघे जमतील तेवढे जवळ ओढले. "एकदम," मी म्हणालो.

विजापूर रोडला खड्डे फार. प्रत्येक खड्ड्याला माझा गुडघा पत्र्यावर आपटत होता.

"कसला आवाज येतोय?" साडूंनी विचारलं.

"इंजिनचा असेल," मी म्हणालो.

साडूंनी फक्त गाडी जरा हळू घेतली.